मोर्देखायच्या पिल्लांची पिसं

मोर्देखाय झिराडकर तुमच्या घरी आला आणि तुमचं दार कुरकुरलं, तर तो चहाच्या आधी तेल मागायचा. खोबरेल, सूर्यफुलाचं, जे असेल ते. बोटाच्या टोकावर थेंब घेऊन बिजागरीला लावायचा, दार दोनदा पुढेमागे करून कान द्यायचा, मग खुर्चीत बसायचा. इस्राएलमधल्या नेतिवोतच्या आमच्या शिकूनमध्ये, म्हणजे सरकारनं एका साच्यातून काढल्यासारख्या बांधलेल्या घरांच्या रांगांमध्ये, त्या काळी आपल्या माणसांच्या एकाही घराचं दार वाजत नसे. माझी बायको म्हणायची, "या मोर्देखायपायी एखाद दिवशी चोर येऊन जाईल आणि आपल्याला पत्ता लागायचा नाही."

तेलाचं हे वेड त्याच्याकडे पिढ्यांचं आलेलं. त्याच्या आजोबांचा झिराडला घाणा होता. आपण सगळे कोकणातले यहुदी, शनवार तेली. शनिवारी घाण्याचा बैल सोडून ठेवायचा, काही झालं तरी जुंपायचा नाही, म्हणून गावानं दिलेलं ते नाव. आजोबांच्या मागे घाणा मोडला, बाप मुंबईला गिरणीत गेला, आणि पुढे मोर्देखायही तिथेच चिकटला. काम कसलं म्हणाल? तेलवाला! लांब नळीची झारी घेऊन चालत्या मागांच्या मधून फिरायचं आणि जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे थेंब सोडायचा. मी त्याला म्हणायचो, "तुझ्या आजोबानं जेवढं काढलं तेवढं तू ओतलंस, हिशेब मिटला." यावर तो इतका हसायचा की त्याचा चष्मा घसरायचा.

इस्राएलात आल्यावर कामधंद्याच्या कचेरीतल्या बाईनं हिब्रूत विचारलं, तुला काय येतं? ह्याला उत्तर द्यायला भाषा नव्हती. ह्यानं हवेत झारी धरली आणि वाकून अदृश्य मशीनला तेल घातलं. बाईला वाटलं माळीकाम. दोन महिने ह्याला नगरपालिकेच्या गुलाबांना पाणी घालायला लावलं होतं. मग कोणीतरी समजावलं तेव्हा कापडाच्या कारखान्यात घेतला, आणि तिथे त्यानं पंचवीसच्या वर वर्षं काढली. ऐन बॉम्बस्फोटांच्या बातम्यांच्या दिवसांतही तो बसनं जायचा, कारण त्याच्या मते त्याच्यावाचून माग थांबले असते.

माग थांबलेच, पण वेगळ्या कारणानं. नव्वदीच्या मध्यावर तसलंच कापड सीमेपलीकडे स्वस्तात होऊ लागलं, आणि मालकानं इथले दरवाजे लावून घेतले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. मोर्देखाय म्हणाला, घड्याळ नको. कापड तपासायच्या टेबलावर एक पितळी भिंग असायचं, कापडावर ठेवून धागे मोजायचं, ते त्यानं मागून घेतलं. ते भिंग खिशात घालून तो घरी आला, बूट काढले आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

आम्हाला वाटलं, थकलाय. आठवडा गेला, महिना गेला. मी रोज जायचो. माझ्याकडच्या गोष्टी संपत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. नवगावच्या शाळेतल्या मास्तरांची टोपी विहिरीत कशी पडली इथपासून सगळं सांगून झालं. तो पाठ वळवून ऐकायचा, "हं" म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या दाराची बिजागरी वाजायला लागली होती आणि तो उठत नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्याची बायको सॅली. आम्ही सॅलीवहिनी म्हणायचो. बुटकी, जिभेला धार, जवळच्या मोशावात, म्हणजे शेतकऱ्यांच्या वसाहतीत, अंडी निवडून भरायच्या कामाला जायची. तिनं गुपचूप एलियाहू हन्नाबीचा, आपल्या संदेष्ट्याचा, नवस बोलला होता: हा माणूस उठून उभा राहू दे, मलिदा करीन. आणि नवस बोलून हात जोडून बसणारी बाई ती नव्हेच. मोशावात यिगाल नावाचा माणूस होता, आईबाप ट्युनिसचे, कोंबड्यांच्या लांबच लांब शेडमध्ये जन्म काढलेला. त्याच्याकडून तिनं खोकाभर पिल्लं मागून आणली. एक दिवस कामावरून आली आणि तो खोका तिनं थेट नवऱ्याच्या पांघरुणावर ठेवला.

"हे काय?"

"दिसत नाही? पिल्लं."

"मला कशाला?"

"तुम्हाला नाहीच. माझी आहेत. मला खुराडं करून द्या आणि मग पुन्हा झोपा, मी उठवणार नाही."

एक पिल्लू खोक्यातून निसटून त्याच्या मानेवर चढलं. वहिनी सांगायची, "असा दचकला जसा कुणी वर्षानं हात लावलाय."

तो उठला. कारखान्याच्या मागं पडलेल्या सुताच्या पेट्यांच्या फळ्या ओढून आणल्या, जाळी मिळवली, आणि अंगणात लिंबाच्या झाडाशेजारी खुराडं उभं केलं. उबेसाठी आत बल्ब टांगला. दाराला बिजागरी, बिजागरीला तेल. मी गेलो तेव्हा मला आधी दार उघडझाप करून दाखवलं, पिल्लं नंतर. "ऐक," म्हणाला. मी म्हटलं, "काही ऐकू येत नाही." "तेच तर!"

पुढचे काही आठवडे त्याचं बोलणं पिल्लांशिवाय नाही. कुठली धीट, कुठली आळशी, कुठली पाण्यात पाय घालून उभी राहते. पितळी भिंगातून त्यांचे डोळे बघायचा. सॅलीवहिनीनं नवसाला नवी अट जोडली होती, पहिलं अंडं आलं की मलिदा, आणि ती हे सगळ्यांना सांगत सुटली होती, मोर्देखाय सोडून. मला म्हणाली, "मिखाएलभाऊ, त्यांच्या कानावर घालू नका हां. ओझं वाटेल." अंगणात पिल्लं नव्हतीच. अंगणात एक माणूस पुन्हा चालायला शिकत होता, आणि आम्ही सगळे श्वास धरून बघत होतो.

आता करंजेलाच्या डब्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कारखाना बंद व्हायच्या आदल्या वर्षी दोघं नवराबायको झिराडला जाऊन आली होती. आजोबांच्या घाण्याच्या जागी आता दुसऱ्याचं घर, पण त्या घरच्या म्हातारीनं ओळख काढली, आणि जाताना करंजाच्या बियांच्या तेलाचा, करंजेलाचा, एक पत्र्याचा डबा दिला. मुंबईच्या विमानतळावर इस्राएली विमानाच्या तपासणीवाल्या पोरीनं विचारलं, "हा डबा कोणी दिला?" हा म्हणाला, "आजोबांनी." "आजोबा कुठे राहतात?" "झिराडच्या कब्रस्तानात." झालं! तासभर बसवून ठेवला. शेवटी तिथल्या ढकलगाडीचं चाक कुरकुरत होतं ते ह्याला सहन होईना, ह्यानं डबा उघडून चाकाला तेल लावलं, आणि साहेबानं हसून सोडून दिला. हे तो सांगायचा. सॅलीवहिनी म्हणायची, चाकाचं खोटं, बाकीचं खरं.

तो डबा माळ्यावर ठेवला होता. गावी आपल्याकडे करंजेल कशाला लागत नव्हतं? पोरांच्या खरजेला, बैलाच्या खांद्याला, देवडीतल्या दिव्याला. आणि कोंबड्यांना उवा झाल्या की मोर्देखायची आजी एकेक कोंबडी मांडीवर घेऊन पिसांत करंजेल चोळायची. दुसऱ्या दिवशी कोंबड्या उन्हात चमकत फिरायच्या. हे त्यानं पाहिलेलं होतं, लहानपणी, स्वतःच्या डोळ्यांनी.

हिवाळा लागला. पिल्लं आता पिल्लं राहिली नव्हती, लांब पायांची, लांब मानेची झाली होती. एके दिवशी खुराड्याच्या भुशात पिसं दिसायला लागली. आधी दोन-चार, मग मूठभर. माना उघड्या पडल्या. पाठीवरची कातडी दिसायला लागली. पिल्लं चोचीनं अंग टोकरत बसायची. मोर्देखायनं एक मांडीवर घेतलं, भिंग टेकवलं, आणि मानेच्या बुडाशी त्याला काट्यांसारखं काहीतरी आणि त्यावर पांढरे पांढरे कण दिसले. लिखा! 

त्यानं कोणाला सांगितलं नाही. का, तर आदल्या वर्षी पलीकडच्या एका मोशावात रोग आला होता, सरकारी माणसं पांढरे झगे घालून आली, आणि संध्याकाळपर्यंत अख्खी शेड रिकामी. सॅलीला सांगावं तर ती यिगालला सांगणार, यिगालनं डॉक्टरला सांगितलं की झगेवाले अंगणात. म्हणून हा पठ्ठ्या रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पिसं गोळा करायचा आणि लिंबाच्या मुळाशी पुरायचा. ह्या सगळ्याचा उलगडा मला नंतर झाला. एकदा जाळीतून डोकावून मी विचारलं होतं, "काय रे, पिल्लं बोडकी दिसतात?"

"वाढीला लागलीत," तो म्हणाला. "वाढताना असंच असतं."

वेळ मारून नेण्यासाठी त्यानं मला ते सांगितलं. खोटं म्हणून सांगितलं. आणि तेच खरं होतं. एवढ्या गोष्टी सांगितल्या मी जन्मभर, पण ह्या एका वाक्यापाशी आलो की माझं अजून अडतं.

त्या शुक्रवारी मी आणि माझी बायको लोदला मुलीकडे गेलो होतो, तेव्हा पुढचं मी वहिनीच्या तोंडून ऐकलेलं सांगतो.

दुपारी वहिनी शब्बाथच्या स्वयंपाकात होती. मोर्देखायनं माळ्यावरून डबा काढला, तेल कोमट केलं आणि खुराड्यासमोर बसून एकेक पिल्लू मांडीवर घेऊन चोळायला लागला. पंखाखाली, मानेवर, शेपटीजवळ, जिथे जिथे पीस उगवतं तिथे तिथे. जन्मभर त्याच्या हातांनी तेच केलं होतं. वहिनीनं खिडकीतून पाहिलं, तर तो गुणगुणत होता. किती महिन्यांनी! म्हणून ती काही बोलली नाही. कुठली बायको बोलेल?

शनवारचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो, आणि नेतिवोतमध्ये त्याच्या आधी भोंगा होतो. भोंगा झाला तेव्हा एकच पिल्लू उरलं होतं. शब्बाथला तेल चोळणं चालत नाही. त्यानं ते तसंच आत सोडलं, हात पुसले, आणि निघता निघता वर बघितलं. बल्ब. खाली भुसा, आणि भुशात तेलानं निथळणारी पिल्लं. गिरणीत तेलकट कापसाला दिव्यानं धरलेली आग त्यानं पाहिली होती, एक माणूस त्यात गेला होता. आणि शब्बाथ लागल्यावर बटणाला हात लावता येत नाही, मग आग लागली तर? भोंग्याचा आवाज अजून हवेत होता, तेवढ्यात त्यानं बटण बंद केलं. विचार करून केलं बरं का. तेलातला माणूस होता तो.

त्यांचा मुलगा इदान भोंग्याच्या आधीच पेताह तिक्वाहून आला होता. तिथे संगणकाच्या कंपनीत आहे. बापाशी त्याचं पटायचं, पण बोलणं एका भाषेत व्हायचं नाही: बाप मराठीत विचारायचा, पोरगा हिब्रूत उत्तर द्यायचा. किद्दूश, म्हणजे शब्बाथची पेल्यावरची प्रार्थना, झाली. वहिनी अजूनही गावच्यासारखा काळ्या मनुकांचा शरबत करते. जेवणं झाली. इदान सिगारेट ओढायला बाहेर गेला. शब्बाथला ओढायची नाही हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तो ओढतो हेही. लगेच परत आला.

"अब्बा, कार लाहेम," म्हणाला. त्यांना थंडी वाजतेय. "एकमेकांवर चढून थरथरतायत. बल्ब का बंद आहे?"

"मी केला. आग लागेल."

"मी लावतो. मला काय, मी तर लावतोच सगळं."

"ह्या घरात शब्बाथला कोणी बटण दाबायचं नाही."

"मग आत आणू."

"अंगावर उवा आहेत त्यांच्या. आणि शब्बाथला जनावर उचलत नाहीत."

आता वहिनी हात पुसत पुढे आली. "उवा? कसल्या उवा? मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय करणार होतीस? यिगालला बोलावून मारून टाकणार होतीस?"

"अब्बा," इदान म्हणाला, "पिल्लं आहेत. घाण्याचा बैल नाही."

हे मात्र त्यानं मराठीत म्हटलं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट ना, तिचे शब्द मराठीच. मोर्देखायनं खिडकीतून अंगणाकडे बघितलं. मग म्हणाला, "माझ्या आजोबाच्या बैलालाही एका शनिवारी साप चावला होता. तरी हात लावला नाही त्यानं." हे खरं होतं की त्या क्षणी सुचलं, कोण जाणे. मला त्यानं ही बैलाची गोष्ट कधी सांगितली नव्हती, आणि मला तो सगळ्या गोष्टी सांगायचा.

"तेल आहे अंगावर," तो बायकोला म्हणाला. "तेलानं ऊब राहते."

झिराडला राहत असेल. झिराडला थंडी म्हणजे काय, पहाटे अंगावर चादर ओढायची. इथे वाळवंटाच्या कडेला हिवाळ्यात सूर्य गेला की जमीनच थंडी बाहेर टाकते. पाखराची ऊब म्हणजे पिसांत अडकलेली हवा. तेलानं पिसं चिकटली की हवा गेली, उरलं ओलं अंग. आधीच निम्मी पिसं गळालेली, त्यात हे.

सकाळी सिनेगॉगला जायच्या आधी तो अंगणात गेला आणि परत आलाच नाही. वहिनी बघायला गेली. सगळी कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली, ताठ, तेलानं काळी पडलेली. आणि मधोमध एक हलत होतं. तेल न लावलेलं ते एक. मेलेल्यांच्या मध्ये शिरून बसलं होतं, उबेला.

शब्बाथला मेलेलं जनावरही हलवत नाहीत. जमीन खणत नाहीत. मोर्देखायनं स्टूल आणलं आणि खुराड्यासमोर बसला. ऊन आलं, ऊन वर चढलं, त्या पिल्लांवरचं तेल उन्हात चमकायला लागलं, आजीच्या कोंबड्यांसारखं. तो बसलेला. वहिनीनं ताट आणलं, ते तसंच राहिलं. इदान दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, आत गेला, पुन्हा आला. "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं असं वहिनीला वाटतं. भांडण झालं असतं, आणि भांडण संपतं तरी.

आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथ सुटला, तेव्हा इदाननं फावडं घेतलं. ऑफिसचा शर्ट घालून लिंबाखाली खड्डा खणला. माती उकरताना आधी पुरलेली पिसं वर आली, मूठ मूठ. तेव्हा त्याला कळलं, बाप कधीपासून एकटा हे करत होता.

रविवारी मी लोदहून आलो. माझ्याकडे दोन नव्या गोष्टी होत्या, लोदच्या बाजारातल्या. दारातच वहिनीचं तोंड बघून त्या गिळल्या. थोड्या वेळानं यिगाल आला, वहिनीनंच बोलावलं होतं. आता लपवायला काय उरलं होतं? मोठे हात त्याचे, पण उरलेलं पिल्लू त्यानं असं उचललं जसं अंडंच. उलटं धरलं, शेपटीखाली फुंकर मारली, पिसं बाजूला झाली.

"उवा असत्या तर इथे दिसल्या असत्या, उजेड पडला की पळतात," तो म्हणाला. "लिखा असत्या तर पिसाच्या बुडाला गड्ड्यानं चिकटल्या असत्या. काही नाही. साफ आहे."

"आणि हे?" मोर्देखायनं भिंग पुढे केलं. "हे पांढरं काय आहे?"

यिगालनं मानेवरचा एक काटा दोन नखांत हळूच दाबला. पांढरी साल भुग्यासारखी उडाली आणि आतून तपकिरी पिसाचं टोक बाहेर आलं, ओलं, घडी घातलेलं.

"नवं पीस आहे. सालीत गुंडाळून येतं, मग साल झडते. ह्या वयात सगळी पिल्लं जुनी पिसं टाकतात. बाळाचे दात पडतात तसं."

"म्हणजे काही झालंच नव्हतं त्यांना."

"काही नाही. थोडा थांबला असतास तर…" यिगाल थांबला. वहिनीनं त्याच्याकडे असं बघितलं होतं की कुणीही थांबला असता.

मोर्देखायनं भिंग खिशात ठेवलं. "म्हणजे काही करायचं नव्हतं," तो म्हणाला. मग पुन्हा, हळू, "काही करायचंच नव्हतं." पुढे सिनेगॉगच्या हझ्झानाला, प्रार्थना चालवणाऱ्याला, त्यानं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, मुक्या जिवाचे हाल होत होते, विचारलं असतंस तर वाट काढली असती. चांगला माणूस, चांगल्या मनानं सांगितलं. पण काही गोष्टी चांगल्या मनानंही सांगू नयेत.

त्या दिवसानंतर मोर्देखायनं तेलाला हात लावला नाही. भिंतीकडे तोंड करून झोपला नाही, तेवढं मात्र झालं. अंगणात स्टुलावर बसायचा, हात मांडीखाली दाबून. शिकूनमधली दारं हळूहळू वाजायला लागली. आधी आमचं, मग शेजारचं. माझी बायको मुद्दाम त्याच्यासमोर दार कुरकुरवायची. तो मान वळवायचा, ऐकायचा, आणि हात मांडीखालीच.

उरलेल्या पिल्लाची कोंबडी झाली. तपकिरी, मानेवर तांबूस झाक, देखणी. वहिनी तिला "उरलेली" म्हणायची. वसंतात तिनं पहिलं अंडं दिलं. वहिनीनं नवस फेडला: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, पाच तऱ्हेची फळं, वर गुलाबाचं फूल. आम्ही सगळे जमलो, एलियाहू हन्नाबीची गाणी म्हटली, मीही एक-दोन किस्से सांगून लोकांना हसवलं. मोर्देखाय आमेन म्हणाला. मलिद्याची बशी त्यानं हातात धरून ठेवली, आणि सगळे गेल्यावर खाली ठेवली, भरलेलीच. वहिनी मला म्हणाली, "नवस माझाच चुकला, मिखाएलभाऊ. उठू दे म्हणाले. उठून काय करू दे, ते म्हणायचं राहिलं."

इदानचं एक सांगतो. त्या हिवाळ्यापासून तो दर शुक्रवारी, भोंग्याच्या आधी, पेताह तिक्वाहून फोन करायचा. तब्येत नाही, पाणी नाही, एकच प्रश्न: "अब्बा, बल्ब चालू आहे?" बाप म्हणायचा, "चालू आहे." आणि फोन ठेवायचे. भर उन्हाळ्यात, जेव्हा अंगणात फरशीवर पाय ठेवता येत नाही, तेव्हाही तोच प्रश्न. आणि खोटं बोलायचं नाही म्हणून मोर्देखाय खरंच बल्ब लावायचा. उरलेली बिचारी दिव्यापासून लांब, जाळीला चिकटून धापा टाकत बसायची. आम्ही हसायचो. बापलेकाचं वर्षानुवर्षांचं बोलणं तेवढंच झालं.

दरवर्षी सुक्कोथच्या, म्हणजे मांडवांच्या सणाच्या, सुमाराला उरलेली आपली पिसं टाकायची. मोठी कोंबडीही वर्षातून एकदा टाकते, तेव्हा ती अगदी बापुडी दिसते. त्या दिवसांत मोर्देखाय तिच्यासमोरून हलायचा नाही. सगळं तेच पुन्हा: मान उघडी, काटे, पांढरा भुगा. तो बघत राहायचा, हात मांडीखाली. मी शेजारी बसायचो. एकदा म्हणाला, "मिखाएल, लेका, हे बघायला फार कठीण असतं रे. काही न करता." एवढंच. मग नवी पिसं यायची आणि तो घरात जायचा.

अशाच एका सुक्कोथनंतर, उरलेली अर्धी बोडकी असताना, तो गेला. दुपारच्या झोपेत, भिंतीकडे तोंड करून.

सात दिवसांच्या सुतकात घरात दिवा विझू द्यायचा नसतो. पहिल्या दिवशी इदान दुकानातून तेल आणायला निघाला, तेव्हा वहिनी म्हणाली, "माळ्यावर आहे." करंजेलाचा तो डबा त्या शुक्रवारनंतर उघडला नव्हता. झाकण गंजून बसलं होतं, इदाननं चाकूनं उचकटलं. ते तेल धुरकट जळतं, वास कडवट. इदानची बायको खिडकी उघडायला गेली, वहिनीनं नको म्हटलं. झिराडच्या देवडीत हाच वास असायचा.

शुक्रवार आला. भोंग्याला थोडा वेळ होता. वहिनीनं दिवा काठोकाठ भरला, शब्बाथभर पुरेल असा. आम्ही दहा-बारा माणसं खाली बसलो होतो. मी नगरपालिकेच्या गुलाबांची गोष्ट सांगत होतो, लोक हसत होते. इदान उठला आणि कोणाशी न बोलता अंगणात गेला. खुराड्याचं दार उघडल्याचा आवाज आला, लांबलचक, करकरीत. मी गोष्ट मध्येच सोडली. 

इदान परत येऊन जमिनीवर बसला. त्याच्या बाहीला एक तपकिरी पीस चिकटलं होतं.

"बल्ब लावला?" वहिनीनं विचारलं.

"लावला," तो म्हणाला.

मग भोंगा झाला.